कुणाच्या भरवशावर

कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना सावध करण्यासाठी एक छोटी चित्रफीत तयार केली होती. मुलं रस्त्यावर खेळतायत. मोटरसायकलवरून दोघं येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. थोड्याच वेळात ते परत येतात, मुलाला अलगद खाली सोडतात आणि एक फलक दाखवतात. मूल पळवायला एक क्षण पुरतो, अशा अर्थाचा. कुणीतरी या फितीचा शेवट कापून टाकला. परत येणं गेलं, फलक गेला, उरलं ते मुलाला उचलून पसार होणं. 2018 साली हा तुकडा भारतभर व्हॉट्सअॅपवर फिरला. मुलं पळवणारी टोळी आपल्याच भागात उतरली आहे, असे संदेश त्याच्या आगेमागे येत होते.

त्याच वर्षी 1 जुलैला, बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा या गावात पाच माणसं मारली गेली. भिक्षा मागत गावोगाव फिरणाऱ्या भटक्या समाजातली ती माणसं. मुलं पळवणारी म्हणून जमावानं त्यांना गाठलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 29 ऑगस्टला, मेक्सिकोतल्या आकात्लान गावात दोघांना जमावानं पोलिसांच्या ताब्यातून बाहेर ओढलं आणि जाळून टाकलं. चुलता-पुतणे होते ते. तिथंही व्हॉट्सअॅपवर मुलं पळवणाऱ्यांचीच अफवा होती. त्या गावानं या गावाचं नाव कधी ऐकलं नसेल. भाषा वेगळी, खंड वेगळा, माणसं वेगळी, पण भीती तीच होती आणि ती पोहोचली त्याच वाटेनं.

या दोन घटनांबद्दल वाचताना मारणाऱ्यांपेक्षाही मला छळतात ती ते संदेश नुसते पुढे पाठवणारी असंख्य माणसं. त्यांच्यातल्या फार थोड्यांना कुणाचं वाईट करायचं असेल. एखाद्या आईनं तो तुकडा काळजीनं बहिणीला पाठवला असेल, बहिणीनं जावेला, जावेनं शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर. मुलांच्या रक्षणासाठी बनवलेली फीत मुलांच्याच काळजीपोटी हातोहात पुढे गेली. कापणाऱ्याचा हेतू काय होता, देव जाणे. पण त्यापुढची जवळजवळ सगळी साखळी मायेची होती.

म्हणून 'लोक अडाणी आहेत, त्यामुळे खोट्याला भुलतात' हे स्पष्टीकरण मला पटत नाही. ते सोयीचं आहे, कारण बोलणारा त्यातून आपोआप सुटतो. अभ्यासकांनी जे शोधून काढलं आहे तेही वेगळंच सांगतं. 2018 साली 'सायन्स' या नियतकालिकात सोरूश वोसूगी, देब रॉय आणि सिनान अराल यांचा शोधनिबंध आला. 2006 ते 2017 या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे 1,26,000 बातम्या त्यांनी तपासल्या होत्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा 70 टक्क्यांनी जास्त निघाली. 1,500 लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोट्याच्या सुमारे सहापट वेळ लागत होता. हे यंत्रचलित खात्यांचं काम असेल अशी शंका येणं साहजिक आहे. पण ती खाती वगळून मोजलं तरी चित्र तसंच राहिलं. पसरवणारी माणसंच होती. खोट्यात नावीन्य होतं, आणि त्याला आलेल्या उत्तरांत आश्चर्य, भीती आणि किळस या भावना जास्त दिसत होत्या.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो गॉर्डन पेनिकुक, डेव्हिड रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2021 चा अभ्यास. 'ही बातमी खरी वाटते का?' असं थेट विचारलं की माणसं खरं-खोटं बऱ्यापैकी ओळखतात. 'ही पुढे पाठवाल का?' असं विचारलं की खरेपणाचा विचार मागे पडतो. त्यांनी ट्विटरवरच्या 5,000 हून अधिक लोकांना, जे भरवसा नसलेल्या संकेतस्थळांच्या बातम्या पाठवत असत, एक साधा निरोप धाडला. एक मथळा दिला आणि विचारलं, हा तुम्हाला खरा वाटतो का? एवढंच. त्यानंतर त्या लोकांनी पाठवलेल्या बातम्यांचा दर्जा थोडा सुधारला. त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं. मनात न उगवलेला प्रश्न कुणीतरी आठवून दिला होता.

व्हॉट्सअॅपचंही तसंच. 2018 च्या जुलैत कंपनीनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली, पुढे ती जगभर लागू झाली. 2020 च्या एप्रिलमध्ये, आधीच खूप वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, आणि अशा संदेशांचं फिरणं 70 टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनं सांगितलं. बोटाला थोडे कष्ट वाढले आणि तेवढ्यानं हा फरक पडला.

इथं एक आडवाट घेते, कारण दुसऱ्यांच्या भोळेपणावर आपण किती पटकन विश्वास ठेवतो हेही पाहण्यासारखं आहे. 30 ऑक्टोबर 1938 च्या रात्री अमेरिकेत सीबीएस या रेडिओवाहिनीवर मंगळावरून आलेल्या आक्रमकांचं एक नाटक बातम्यांच्या थाटात सादर झालं आणि ते खरं मानून लाखो लोक रस्त्यावर पळत सुटले, ही गोष्ट माध्यमांवरच्या चर्चेत अजून हमखास सांगितली जाते. त्या रात्री 5,000 घरांत फोन करून घेतलेल्या पाहणीत तो कार्यक्रम ऐकणारे जेमतेम 2 टक्के निघाले होते. काही लोक घाबरले हे खरं, पण देशव्यापी घबराटीचं चित्र दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी रंगवलं. रेडिओ त्यांच्या जाहिराती ओढून नेत होता आणि रेडिओवर विसंबू नका हे सांगायला त्यांना ही संधी मिळाली. खोट्या बातमीच्या धोक्याचं उदाहरण म्हणून शिकवली जाणारी ही गोष्टच फुगवलेली आहे. जनता मूर्ख असते हे ऐकायला शहाण्यांनाही आवडतं, म्हणून ती टिकली.

मग माणसं खोट्यावर विश्वास का ठेवतात? मला वाटतं, आधी हे विचारायला हवं की माणसं खऱ्यावर तरी विश्वास कशी ठेवतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मी स्वतः तपासलेलं नाही. विषाणू मी पाहिलेला नाही. रक्ततपासणीच्या अहवालात छापलेला आकडा कुठल्या यंत्रातून कसा आला, ते यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं, मला ठाऊक नाही. तो आकडा पाहून औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांनीही ते तपासलेलं नसतं. डॉक्टर प्रयोगशाळेवर विसंबतात, प्रयोगशाळा रसायन पुरवणाऱ्यावर विसंबते. शास्त्रज्ञसुद्धा आपल्या विषयाचा चिंचोळा पट्टा सोडला तर बाकी सगळं दुसऱ्याच्या शब्दावर स्वीकारतो. यात कमीपणा काही नाही. एका आयुष्यात एक माणूस जेवढं स्वतः तपासू शकतो, त्यावर कुणाचंच ज्ञान उभं राहू शकत नाही. माझ्या डोक्यात जे काही आहे त्यातलं बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या भरवशावर घेतलेलं आहे.

आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तत्त्वज्ञांनी, हे फार स्पष्टपणे ओळखलं होतं. प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द, म्हणजे भरवशाच्या माणसाचं सांगणं, हेही ज्ञानाचं स्वतंत्र साधन त्यांनी मानलं. पण कुणाचंही सांगणं नव्हे. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात सांगणाऱ्याबद्दल दोन गोष्टींची अपेक्षा आहे. सांगतोय ते त्याला स्वतःला नीट कळलेलं असावं, आणि जसं कळलं तसंच सांगण्याची त्याला इच्छा असावी. पुढे तो म्हणतो की ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखीच लागू आहे. हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. सांगणारा कुठल्या कुळाचा, कुठल्या गटाचा, हे इथं बाद होतं. राहतात दोनच प्रश्न. याला माहीत आहे का? आणि हा मला खरं सांगू इच्छितो का?

हे दोन प्रश्न समोर ठेवून मी आजच्या गोंधळाकडे पाहते तेव्हा मला एक फाळणी दिसते. ज्यांना आपली काळजी आहे त्यांना माहिती नाही, आणि ज्यांना माहिती आहे त्यांना आपली काळजी आहे असं वाटत नाही. पडद्यावर येणाऱ्या संदेशाचा मूळ लेखक कोण, त्यानं काय पाहिलं, कसं तपासलं, यातलं काहीच दिसत नाही. दिसतं ते पाठवणाऱ्याचं नाव. ते नाव भावाचं असतं, वर्गमैत्रिणीचं असतं, आपल्या लग्नात राबलेल्या काकांचं असतं. ही माणसं आपल्याशी खोटं बोलणार नाहीत हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, आणि ते बरोबरही असतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतकं ठामपणे 'हो' येतं की पहिला विचारायचा राहूनच जातो. प्रेमाच्या माणसाची पत अनोळखी मजकुराला मिळून जाते.

फाळणीची दुसरी बाजू जास्त दुखरी आहे.

1998 च्या फेब्रुवारीत 'लॅन्सेट' या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा बारा मुलांवरचा एक लेख छापून आला. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लशीचा संबंध स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) असावा असं त्यातून सूचित होत होतं. पुढे ब्रायन डिअर या पत्रकारानं चिकाटीनं शोध घेतला. लस बनवणाऱ्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्डनं पैसे घेतले होते, आणि मुलांच्या नोंदी लेखात आहेत तशा मुळात नव्हत्याच. 2010 च्या फेब्रुवारीत 'लॅन्सेट'नं तो लेख मागे घेतला, मे महिन्यात वेकफिल्डचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं गेलं. 2019 साली डेन्मार्कमधल्या 6,57,461 मुलांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लशीमुळे स्वमग्नता वाढल्याचं त्यात कुठंही आढळलं नाही. बारा मुलांसमोर साडेसहा लाखांहून अधिक मुलं. तरीही ती शंका आज जगभर जिवंत आहे. मधल्या काळात लसीकरण घसरलं आणि इंग्लंड-वेल्समध्ये जवळपास आटोक्यात आलेला गोवर 2008 पर्यंत पुन्हा मुक्काम ठोकून बसला होता.

का जिवंत राहिली ती शंका? हॉलिन जॉन्सन आणि कॉलीन सायफर्ट यांनी 1994 साली केलेला एक प्रयोग मला इथं उपयोगी वाटतो. लोकांना एका गोदामाला लागलेल्या आगीची हकीकत तुकड्या-तुकड्यांनी वाचायला दिली. एका कपाटात तेलरंगाचे डबे आणि गॅसच्या टाक्या होत्या, असं आधी सांगितलं. नंतर सांगितलं की ती माहिती चुकीची होती, कपाट रिकामं होतं. लोकांनी दुरुस्ती वाचली, त्यांच्या लक्षातही राहिली. तरी धूर इतका दाट का होता, असं विचारल्यावर बरेच जण रंग आणि गॅसचंच कारण देत राहिले. कारण ते काढून घेतल्यावर हकीकतीत भोक पडत होतं. 'कपाटात काही नव्हतं, पण आग मुद्दाम लावल्याच्या खुणा दुसरीकडे सापडल्या' अशा प्रकारचा पर्याय दिला तेव्हा त्या जुन्या कारणाची पकड सुटू लागली.

आता त्या आईबापांचा विचार करा. मूल वर्षा-सव्वा वर्षाचं असतं तेव्हा या लशीचा पहिला डोस दिला जातो. स्वमग्नतेच्या खुणाही साधारण त्याच वयाच्या आसपास घरच्यांच्या ध्यानात यायला लागतात. आत्तापर्यंत नजरेला नजर देणारं मूल दूर जातंय असं वाटत असताना आई मागे वळून पाहते आणि तिला लस दिसते. ती डॉक्टरांना विचारते, 'का झालं हे?' विज्ञानाचं प्रामाणिक उत्तर असतं की याची कारणं गुंतागुंतीची आहेत, आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, तुमच्या मुलाच्या बाबतीत नेमकं सांगता येणार नाही. हे खरं आहे, पण तिच्या हातात काहीच पडत नाही. दुसरीकडे कुणीतरी तिचं सगळं ऐकून घेतो, तिचा हात धरतो आणि म्हणतो, 'तुझं काही चुकलेलं नाही, तुला फसवलं गेलंय.' भोक बुजतं. त्या आईला मूर्ख म्हणायला माझी जीभ उचलत नाही. तिच्या दुःखाचा वापर करणाऱ्यावर मात्र माझा राग आहे आणि तो राहील.

माझ्या घरातलंच सांगते. माझ्या एका काकांना कर्करोगाचं निदान झालं तेव्हा काकूच्या फोनवर उपायांचा पूर आला होता. पाल्यांचे रस, क्षारयुक्त पाणी, साखर बंद केली की गाठ उपाशी मरते वगैरे. ती हे सगळं एका वहीत उतरवून ठेवायची. मी एकदा तिच्याजवळ बसून एकेक उपाय का खोटा आहे ते सांगायला लागले. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "हे खरं नसेलही गं. पण मला दिवसभर करायला काहीतरी हवंय. डॉक्टरांनी पाच मिनिटं दिली आणि पुढचा नंबर बोलावला." पुढच्या वेळी मी तिच्याबरोबर गेले. आम्ही प्रश्न आधीच लिहून नेले होते. त्यांना काय खायला घालू, तोंडाला फोड आले तर काय करू, ताप किती चढला की फोन करू. तिथल्या परिचारिकेनं प्रत्येकाचं उत्तर सावकाश दिलं, काही तर स्वतः लिहून दिली. त्या दिवसापासून काकूच्या वहीत परिचारिकेचं अक्षर दिसायला लागलं आणि फॉरवर्ड उतरवणं बंद झालं. जाणतं माणूस आपल्या बाजूचं आहे याची तिला खात्री पटली होती.

जाणत्या संस्थांनीही हा भरवसा कधीकधी स्वतःच्या हातानं गमावला आहे, आणि ते बोलायलाच हवं. 28 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं ट्विटरवर ठळकपणे जाहीर केलं की कोविड हवेतून पसरत नाही. 'तथ्य' असा शिक्का मारून. त्या वेळी ती गोष्ट इतक्या ठामपणे सांगण्याजोगा पुरावा हाती नव्हता. जुलैत 239 शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन हवेतून होणाऱ्या प्रसाराची दखल घ्या असं जाहीर आवाहन केलं, आणि संघटनेची भूमिका पुढे हळूहळू, हप्त्याहप्त्यानं बदलत गेली. ज्ञान बदलतं, यात दोष नाही. नवा विषाणू होता, चुका होणारच होत्या. पण 'आम्हाला अजून नक्की माहीत नाही, तोवर काळजी म्हणून हे करा' असं म्हणता आलं असतं. लोकांना अनिश्चितता झेपणार नाही असं गृहीत धरणं हा लोकांवरचा अविश्वास आहे, आणि तो समोरच्याला कळतो. एकदा ठासून सांगितलेलं नंतर गुपचूप बदललं की माणूस म्हणतो, कुठंतरी पाणी मुरतंय.

आणि मग येतो तो सल्ला, जो मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. 'कशावरच विश्वास ठेवू नका.' ऐकायला बाणेदार वाटतो. पण हा सल्ला देणाऱ्यांचा इतिहास पाहिला पाहिजे. 1950 साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवला, अमेरिकेतही तेच निष्कर्ष निघाले. 4 जानेवारी 1954 रोजी अमेरिकी तंबाखू कंपन्यांनी 400 हून अधिक वृत्तपत्रांत पानभर निवेदन छापलं. आपला माल अपायकारक नाही असं आम्ही मानतो, हे त्यात होतंच, पण भर होता तो शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, अजून संशोधन व्हायला हवं, यावर. 1969 च्या एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात हा डाव उघडच लिहिलेला सापडला: संशय हेच आपलं उत्पादन आहे, कारण लोकांच्या मनातल्या तथ्यांशी झगडायचा तोच उत्तम मार्ग आहे. खोटं पटवून देण्याची गरजच नव्हती. खऱ्याला 'असेलही, नसेलही' करून ठेवलं की झालं. ज्यांच्या घरात त्या वर्षांमध्ये धुरानं माणसं गेली, त्यांनी या संशयाची किंमत मोजली.

आता बनावट चित्रफिती करणं सोपं झाल्यावर हा धंदा आणखी सोपा झाला आहे. रॉबर्ट चेस्नी आणि डॅनिएल सिट्रन या कायद्याच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की बनावट चित्रफितींचा मोठा फायदा खोटं बोलणाऱ्याला एका वेगळ्या मार्गानं मिळतो. त्याला आपल्याविरुद्धचा खरा पुरावाही बनावट म्हणून झटकता येतो. आणि कुणी मुद्दाम झटकलं नाही तरी संशय आपलं काम करतोच. मध्य आफ्रिकेतल्या गॅबॉन देशाचे तेव्हाचे अध्यक्ष अली बोंगो 2018 च्या ऑक्टोबरपासून आजारी होते, दिसत नव्हते. नव्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्या भाषणाची चित्रफीत प्रसारित झाली. चेहरा ताठरलेला, पापण्यांची हालचाल विचित्र. हे बनावट आहे, अध्यक्ष जिवंत तरी आहेत का, अशी कुजबुज सुरू झाली. 7 जानेवारी 2019 ला काही सैनिकांनी बंडाचा प्रयत्न केला. नंतरच्या तांत्रिक तपासणीत फीत बनावट असल्याचा पुरावा मिळाला नाही. अध्यक्षांना पक्षाघात झाला होता आणि त्यांचा चेहरा खरोखरच तसा झाला होता.

यंत्रानं लिहिलेल्या मजकुराचा प्रश्न नैयायिकांच्या कसोटीवर घासून पाहावा असा आहे. 2023 साली न्यूयॉर्कच्या एका फेडरल न्यायालयात वकिलांनी दाखल केलेल्या टिपणात अस्तित्वातच नसलेल्या खटल्यांचे दाखले निघाले. ते चॅटजीपीटीनं रचून दिले होते. हे खटले खरे आहेत का, असं वकिलानं त्यालाच विचारलं होतं आणि त्यानं 'हो' म्हणून सांगितलं होतं. न्यायाधीशांनी 5,000 डॉलरचा दंड केला. यंत्रानं काही पाहिलेलं नसतं, आणि जसं आहे तसं सांगावं अशी तळमळही त्याला नसते. ते उपयोगी पडतं, मी स्वतः वापरते. पण ज्या ठामपणे ते खरं सांगतं, त्याच ठामपणे चुकीचंही सांगतं. माणूस अडखळतो, नजर चुकवतो, 'बहुतेक' म्हणतो. या खुणांवरून अंदाज बांधायला आपण लहानपणापासून शिकलेलो असतो, आणि इथं त्या नाहीतच.

मग करायचं काय? मला सापडलेलं सगळ्यात कामाचं उत्तर स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांच्याकडचं आहे. 2017 साली त्यांनी दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि पंचवीस विद्यार्थ्यांना काही संकेतस्थळं दिली आणि ते कशी पारखतात ते पाहिलं. दोन संकेतस्थळं बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांची होती. नावं जवळजवळ सारखी, मांडणी तितकीच रुबाबदार. एक हजारो सभासदांची जुनी संघटना, दुसरी विशिष्ट सामाजिक भूमिकेवरून फुटून निघालेला छोटा गट. विद्वान इतिहासकार आणि हुशार विद्यार्थी त्या पानावरच थांबले, मजकूर बारकाईनं वाचू लागले, भाषा आणि संदर्भ तपासू लागले, आणि त्यांच्यातले बरेच फसले किंवा घोटाळले. तपासनिसांनी पान जवळजवळ वाचलंच नाही. लगेच दुसरी खिडकी उघडून, या संघटनेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते पाहिलं. मजकुराला मजकुराच्या बाहेरून पाहिलं. आपल्याला शाळेत जे शिकवलं, की नीट लक्ष देऊन वाच, ते इथं अपुरं पडतं. इथं आधी सांगणाऱ्याची चौकशी करायची, मग सांगणं वाचायचं. नैयायिकांना हा क्रम पटला असता.

आणि चौकशी करताना मी एक गोष्ट हटकून पाहते. हा आपली चूक कुठं आणि कशी छापतो? दुरुस्ती मूळ मजकुराइतकीच दिसेल अशी ठेवतो का? काय बदललं, का बदललं, ते सांगतो का? 'लॅन्सेट'ला तो लेख पूर्णपणे मागे घ्यायला बारा वर्षं लागली, ही शरमेची गोष्ट आहे. तरी त्यांनी तो घेतला, आणि आज तो लेख उघडला की त्यावर तसा शिक्का दिसतो. अफवेला अशी व्यवस्थाच नसते. कराचीच्या फितीचा कापलेला तुकडा कुणी मागे घेतला नाही, कारण घेणार कोण?

आधी असं मानलं जायचं की दुरुस्ती दाखवली की माणसं उलट हट्टाला पेटतात. तो निष्कर्ष मर्यादित प्रयोगांवर उभा होता. थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी 10,100 लोकांवर, 52 विषय घेऊन तपासलं तेव्हा असं उलटणं जवळजवळ आढळलंच नाही. माणसं दुरुस्ती ऐकतात. राजकीय मत बदलेलच असं नाही, पण ती गोष्ट खरी की खोटी याबद्दलचं मत सरकतं. मी सांगून काय उपयोग, म्हणून गप्प बसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं अशी माझी फार इच्छा आहे. फक्त सांगण्याची तऱ्हा मात्र महत्त्वाची. ग्रुपवर चारचौघांसमोर 'फेक आहे हे, जरा डोकं वापरा' असं लिहिणाऱ्याला माहिती असते, पण त्याला आपली पर्वा आहे असं समोरच्याला वाटत नाही. पुन्हा तीच फाळणी, आता घरातच.

काका त्या आजारातून उठले. काकूच्या मैत्रिणींचा मोठा ग्रुप आहे आणि त्यावर दिवसभर काही ना काही येत असतं. फोटोचं मूळ कसं शोधायचं ते तिनं माझ्याकडून शिकून घेतलं आहे. परवा ग्रुपवर पुरात अडकलेल्या मुलांचा एक फोटो आला, आजचाच आणि जवळचाच म्हणून. सगळ्या हळहळत होत्या. काकूनं शोधलं तर तो काही वर्षांपूर्वीच्या, दुसऱ्याच देशातल्या पुराचा निघाला. तिनं मूळ बातमीची लिंक जोडून ते ग्रुपवर लिहिलं. पण त्याआधी तिनं तो फोटो पाठवणाऱ्या मैत्रिणीला वेगळा फोन केला, सगळ्यांसमोर तिला ओशाळं वाटू नये म्हणून. दोघी बराच वेळ बोलल्या, आणि ग्रुपवर खुलासा गेला तो दोघींच्या नावानं.